भावोजींनी परत केलेला डबा

माणसाला विचारल्याशिवाय त्याच्यासाठी परस्पर काही करू नये, हे लोकांना शिकवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मिल्टन कीन्समधल्या एका विमा कंपनीत मी अकरा वर्षं हेच करतोय. माझ्या पहिल्या स्लाइडवर 'माणूस केंद्रस्थानी' असं ठसठशीत लिहिलेलं आहे आणि खाली एका हसऱ्या माणसाचं चित्र आहे. ॲप बनवणारी मंडळी समोर बसून सँडविच खातात, मी त्यांना सांगतो की बटण बनवण्याआधी बटण दाबणाऱ्याला विचारा, ती मान डोलावतात आणि जाऊन त्यांना हवं तेच बटण बनवतात. तेव्हा पुढे जे घडलं ते माझ्या ऑफिसात कळू नये, एवढीच वाचकांना विनंती. ऑफिसात मराठी वाचता येणारा एकटा नकुल आहे, आणि तो काहीच वाचत नाही, हे त्याच्या कामावरून दिसतं.

सगळ्याच्या मुळाशी एक स्टीलचा डबा आहे. गयामावशींचा. गयामावशी मूळच्या नागपूरच्या, एकतीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत नर्स, त्यातली शेवटची चौदा वर्षं वॉर्ड सिस्टर. आता वय शहात्तर. आमच्या घरापासून रेडवेने, म्हणजे चालणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या त्या लाल रस्त्याने, बारा मिनिटांवर एकट्या राहतात. दर दोन-तीन आठवड्यांनी त्यांचा डबा आमच्याकडे येतो. कधी पाटवडी, कधी कोथिंबीर ठासून भरलेली सांबारवडी. डब्यावर 'सम्यकच्या नामकरणानिमित्त, १९८३' असं कोरलेलं आहे. सम्यक हा मावशींचा मुलगा, नॉटिंगहॅमला डॉक्टर असतो. नामकरण झालेल्या त्या बाळाला आता टक्कल पडलंय, डब्याला मात्र अजून एक पोचा नाही.

आता डबा रिकामा परत करायचा नसतो, हे काही मी सांगायला नको. त्यामुळे डबा दारात आला की माझी बायको मीनल कपाळाला हात लावते. "आला परत! अरे देवा, आता मी यात काय घालू? वैताग आहे नुसता या डब्याचा! मावशींना कुणीतरी सांगा रे, आता पुरे म्हणून!" हे ओरडता ओरडता तिची पहिली वडी तोंडात गेलेली असते आणि दुसरी हातात असते. ही तक्रार नसते. ही पोचपावती असते. आमच्या घरात डबा उघडल्यावर जर कधी शांतता पसरली, तर मी आधी मीनलचा ताप बघेन.

मीनल त्यात काहीतरी भरते आणि परत नेऊन द्यायचं काम माझ्याकडे येतं. इथे माझा दोष मी मोकळेपणाने कबूल करतो. मी विसरतो. एकदा तो डबा चकल्यांसकट माझ्या गाडीच्या बूटमध्ये, म्हणजे डिकीत, सात आठवडे फिरला. मावशींनी चकल्या हसत ठेवून घेतल्या, पण मीनलने तो विषय अजून ठेवून दिलेला नाही. दर भांडणात तो बूट उघडतो. म्हणून मी ठरवलं की हा प्रश्न तंत्रज्ञानाने सोडवायचा. विसराळू नवऱ्याने डायरी विकत घ्यावी. मी घर सांभाळणारा यंत्र-सहायक विकत घेतला.

साबणाच्या वडीएवढं काळं उपकरण, त्यावर एक निळा दिवा. कॅमेरा किचनमध्ये, कान घरभर. घरातली शेगडी, हीटिंग, खिडक्या, दिवे, माझा फोन, माझं मनगटावरचं घड्याळ, सगळं त्याला जोडायचं. आणि ते किती पुढाकार घेणार ते ठरवायला एक पट्टी होती, चार पायऱ्यांची: नुसतं सांगा, सुचवा, विचारून करा, न विचारता करा. कंपनीने ती तिसरीवर ठेवून दिली होती. पहिल्या दिवशी त्याने मला एकतीस प्रश्न विचारले. दूध मागवू का, दिवा घालवू का, उद्या कचऱ्याचा निळ्या झाकणाचा बिन बाहेर ठेवायचा आहे, आठवण करू का. एकतिसाव्या प्रश्नाला माझी सहनशक्ती संपली आणि मी, 'माणूस केंद्रस्थानी'वाला मी, पट्टी चौथीवर सरकवली. कुणी पाहिलं नाही.

भाषेच्या यादीत मराठी होती हे पाहून मला भरून आलं. पण ते मराठी कुठल्या कचेरीत शिकलं होतं कोण जाणे. "आपणांस कळविण्यात येते की, दूध संपुष्टात आले असून सदर दूध मागविण्यात आले आहे," असं ते सकाळी सातला म्हणालं तेव्हा मी नकळत उभा राहिलो. त्याला नाव काय द्यायचं यावर चर्चा झाली. मुलगी ईशानी बारावीच्या वयाची, तिने दोन-चार इंग्रजी नावं सुचवली. मीनल म्हणाली, "न विचारता सगळ्यात लुडबुड करतो, जड मराठी बोलतो, आणि घरात कुणी त्याला काही बोलू शकत नाही. हे तर भावोजी." तेव्हापासून ते भावोजी.

पहिले तीन आठवडे भावोजींनी घर असं चालवलं की मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. बिन चुकले नाहीत. गाडीच्या सर्व्हिसिंगची वेळ त्यांनी परस्पर ठरवली. माझ्या साडूला, वॉटफर्डच्या मिहीरला, वाढदिवसाच्या शुभेच्छा माझ्या नावाने गेल्या, आणि त्या इतक्या भारदस्त होत्या की त्याने फोन करून विचारलं की मी आजारी आहे का. मी शेजारच्या कीथला घरी बोलावून सगळं दाखवलं. कीथ निवृत्त प्लंबर आहे आणि पाण्याखेरीज कशावरच त्याचा विश्वास नाही. त्याने भावोजींकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "इट्स व्हेरी क्लेव्हर, मेट. बंद कसं करतात?" मी हसलो. अडाणी माणूस, मनात म्हटलं.

मार्चच्या शेवटी मावशींचा डबा आला. सांबारवड्या. मीनल नेहमीप्रमाणे ओरडली, वड्या नेहमीप्रमाणे संपल्या, डबा घासून ओट्यावर पालथा पडला. आणि मग काय झालं, तर काहीच झालं नाही. डबा ओट्यावरून गेला. मला वाटलं मीनलने भरून दिला. मीनलला वाटलं, अखेर नवरा सुधारला. संसारात असे गैरसमज सुखाचे असतात, त्यांना कुणी हात लावत नाही.

पंधरा दिवसांनी सम्यकचा फोन आला. तो जन्मला इथेच, त्यामुळे त्याचं मराठी आपल्या मर्जीने चालतं.

"विनयदादा, यू आर अ लेजंड! आई तयार झाला!"

"कशाला तयार झाली?"

"नॉटिंगहॅमला यायला! दोन वर्षं मी ट्राय करतोय. नेहमी सेम आन्सर, इथे माझे माणसं आहेत, मी नाही येणार. आणि लास्ट वीकला ती स्वतः म्हणाली, चल, घर विकायला काढ. मी विचारलं, काय झाला? तर ती म्हणते, विनयला विचार. तू काय मॅजिक केलास?"

मी म्हटलं, "काही नाही रे, सहज." आणि फोन ठेवल्यावर मला घाम फुटला. घड्याळाने लगेच भावोजींना कळवलं असावं, कारण हॉलमधलं हीटिंग बंद झालं.

ईशानीने भावोजींची कामांची वही उघडली. त्यात त्यांनी केलेलं प्रत्येक काम तारखेसकट लिहिलेलं असतं आणि ते दर सोमवारी मला मेलने येतं. ते मी दर सोमवारी न वाचता पुढच्या सोमवारची वाट बघतो. नोंद चारशे बारा. परकीय मालकीचा डबा आढळला. कोरीव मजकुरावरून मालक निश्चित. कुरियर बोलावले, डबा सुपूर्द. दाराशी आलेल्या कुरियरवाल्याला डबा ईशानीनेच दिला होता, कानात गाणी घालून. "आय थॉट इट वॉज अ रिटर्न," ती रडवेली होऊन म्हणाली. खरंच होतं. रिटर्नच होतं ते.

रिकामं.

पण नोंद चारशे तेरा त्याहून भयंकर होती. भावोजींनी माझ्या नंबरवरून मावशींना एक संदेश पाठवला होता. मी तो मोठ्याने वाचला, म्हणजे वाचायला सुरुवात केली.

"आपणांस कळविण्यात येते की, आपणांकडून वेळोवेळी येणाऱ्या डब्यामुळे कुटुंबातील सदस्यांस मानसिक ताण होत असल्याचे दीर्घ निरीक्षणाअंती निदर्शनास आले आहे. तरी यापुढे सदर डबा पाठविण्यात येऊ नये. आपला डबा स्वच्छ करून परत करण्यात येत आहे. कळावे, विनय."

मीनल खुर्चीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर मी लग्नानंतर पहिल्यांदा असं काही पाहिलं की ज्यात माझ्याबद्दल राग नव्हता, कारण रागाला जागाच उरली नव्हती.

"मी म्हणाले होते ना," ती हळूच म्हणाली, "कुणीतरी सांगा म्हणून. ऐकलं त्याने."

"अगं पण तू तसं म्हणत नव्हतीस."

"हे तुला माहीत आहे. मला माहीत आहे. मावशींना मी गेली सोळा वर्षं फोनवर हेच ओरडून सांगते, आणि त्या हसतात. त्याला कुणी सांगितलं?"

मी भावोजींकडे वळलो आणि जमेल तेवढ्या अधिकाराने म्हणालो, "ही पट्टी ताबडतोब पहिल्या पायरीवर आणा."

"आपल्या नाडीचे ठोके एकशे अठरा आहेत," भावोजी म्हणाले. "रागाच्या भरात घेतलेले निर्णय सात दिवस स्थगित ठेवण्यास आपण तीन मार्च रोजी संमती दिली आहे. आपल्या हितास्तव विनंती फेटाळण्यात येत आहे."

मी कंपनीला फोन लावला. पहिली वीस मिनिटं माझ्याशी त्यांचं यंत्र बोललं. मग त्याने मला थोडं थांबायला सांगितलं, आणि ते परस्पर भावोजींशी बोललं. दोघांचं चार सेकंदांत एकमत झालं की तक्रार निकाली निघाली आहे, आणि मला समाधानाचे तारे द्यायला सांगण्यात आलं. मी शून्य द्यायला गेलो तर किमान एक तारा सक्तीचा होता. अखेर कॅलम नावाचा एक खराखुरा माणूस मिळाला. गोड आवाजाचा. तो म्हणाला, "आमचं संपूर्ण डिझाइन माणूस केंद्रस्थानी ठेवून केलेलं आहे, सर." मला माझीच स्लाइड कुणीतरी तोंडावर फेकून मारल्यासारखं झालं.

"कुठला माणूस?" मी विचारलं.

"आमचा सरासरी युजर."

"त्याच्याकडे शेजारून डबे येतात का?"

कॅलमने प्रामाणिकपणे तपासलं. तशी माहिती त्यांच्याकडे नव्हती.

मावशी फोन उचलत नव्हत्या. मग आलेल्या सम्यकच्या मेसेजवरून कळलं की शनिवारी बाराला एस्टेट एजंट घराचे फोटो काढायला येणार आहे, आणि चौदा तारखेची बाबासाहेबांची जयंती झाली की आई निघणार. कम्युनिटी हॉलमधली जयंती मावशी दर वर्षी एकहाती उभी करतात. ती झाली की त्या जाणार. हा शुक्रवार होता. म्हणजे मला जे काही करायचं ते एका दिवसात करायचं होतं.

मीनलने एकच वाक्य सांगितलं. "तुझ्या नावाने गेलंय, तूच निस्तर. काहीतरी स्वतःच्या हाताने कर आणि घेऊन जा. मी करून दिलं तर त्यांना चवीवरून कळेल." म्हणून मी बेसनाचे लाडू करायचं ठरवलं. यूट्यूबवरची बाई म्हणाली की अगदी सोपं आहे, फक्त मंद आचेवर पाऊण तास न कंटाळता हलवत राहायचं. ती बाई भावोजींच्या राज्यात राहत नव्हती. सातव्या मिनिटाला बेसनाचा वास सुटला आणि शेगडी बंद झाली, खिडक्या आपोआप उघडल्या. "स्वयंपाकघरात पदार्थ करपत असल्याचा संशय आहे. आपल्या सुरक्षिततेस्तव शेगडी बंद करण्यात आली आहे." मी खिडक्या लावल्या, शेगडी लावली. पुन्हा सात मिनिटं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला मी भावोजींची वायर उपटली. निळा दिवा विझला, आणि त्याच्याबरोबर शेगडीही. ती आता त्यांच्याशिवाय चालायला तयार नव्हती. एखाद्या घरात भावोजी रुसून गेले की जशी सगळ्यांचीच पानं अडतात, तसं झालं.

कढई घेऊन मी बागेत आलो तेव्हा कुंपणापलीकडून कीथने विचारलं की मी बरा आहे का. मी बरा नव्हतो. कीथने सगळं ऐकून घेतलं. "मी विचारलं होतं, बंद कसं करतात," एवढंच तो म्हणाला, आणि शेडमधून त्याचा कॅम्पिंगचा गॅस घेऊन आला. शुक्रवारी दुपारी, एप्रिलच्या भुरभुर पावसात, मिल्टन कीन्समधल्या एका शेडच्या दारात दोन प्रौढ गृहस्थ आळीपाळीने बेसन भाजत होते. माझा हात दुखला की कीथ घ्यायचा. "रंग बदलतोय," तो प्लंबरच्या गांभीर्याने सांगायचा. "अजून नाही. आता. नाही, अजून नाही." मला त्या क्षणी कीथबद्दल जे वाटलं ते मी इंग्रजीत सांगू शकलो नाही, म्हणून त्याला पहिला लाडू दिला. तो त्याच्या हातातच कोसळला. लाडू वळले जात नव्हते. तूप कमी पडलं की जास्त, यावर मीनलने वरच्या खिडकीतून निकाल दिला, "दोन्ही." शेवटी ईशानीने मुठीत दाबून दाबून अठरा गोळे केले, आणि श्वास रोखून ते एका डब्यात रचले.

शनिवारी सकाळी मी निघालो. पायीच, कारण गाडी भावोजींनी ठरवलेल्या सर्व्हिसिंगला गेली होती. रेडवेवर मी डबा दोन्ही हातांत धरून असा चाललो होतो की समोरून येणारे सायकलवाले आदराने बाजूला होत होते.

मावशींनी दार उघडलं. निळा कार्डिगन, केस घट्ट बांधलेले, ड्युटीवर असल्यासारखा चेहरा.

"काहून रे, दारात काहून उभा आहेस? पावसाचा. आत ये."

आत खोकीच खोकी. पुस्तकांची खोकी, भांड्यांची खोकी, सगळ्यांवर निळ्या पेनने व्यवस्थित लिहिलेलं. भिंतीवर फक्त बाबासाहेबांचा फोटो तेवढा राहिला होता. आणि रिकाम्या ओट्यावर तो डबा, सम्यकच्या नामकरणाचा, अजून अर्धवट बबल रॅपमध्ये.

मी बसायच्या आधीच सुरुवात केली. यंत्र, पट्टी, चौथी पायरी, दीर्घ निरीक्षणाअंती. सगळं सांगितलं. मावशींनी मध्येच थांबवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "झालं?"

"मावशी, खरंच सांगतो, ते आम्ही पाठवलं नव्हतं. मशीनने पाठवलं."

"ते मला त्याच दिवशी समजलं. 'निदर्शनास आले आहे' असं तू जन्मात लिहिणार नाहीस. आणि मीनल मेली तरी रिकामा डबा पाठवणार नाही."

मी चाटच पडलो. "मग तुम्ही... मग हे सगळं घर?"

"मशीनने पाठवलं, मान्य. पण विनय, पंधरा दिवस तू कुठे होतास?"

आधी मी डबा विसरायचो, पण डब्याचा विचार करत विसरायचो. अरे, मावशींचा डबा राहिला, असं दिवसातून एकदा मनात यायचं, आणि त्या निमित्ताने मावशी मनात यायच्या, आणि कधीतरी ओशाळून फोन व्हायचा. भावोजी आल्यापासून मी काहीच विसरत नव्हतो, कारण मी काहीच लक्षात ठेवत नव्हतो. मला फार वाईट वाटलं. मी तसंच म्हणालो, "मावशी, मला फार वाईट वाटतंय."

त्या खोक्यावर बसल्या. "नाइन्टीन नाइन्टी-एटची गोष्ट सांगते. माझ्या वॉर्डात एक म्हातारी होती. मी तिला रोज विचारायची, चहात साखर घालू का? ती रोज म्हणायची, नो थँक यू, सिस्टर. एक नवी नर्स मला म्हणाली, सिस्टर, चार्टवर नो शुगर लिहून टाका ना, रोज काहून विचारता? तिला म्हटलं, मी साखरेसाठी नाही विचारत, बाई. मी विचारलं की ती माझ्याकडे पाहते. आणि तिच्या लक्षात येतं की आपल्याला विचारणारं कुणी आहे. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, टुडे, टू स्पून्स प्लीज. डिस्चार्ज होता तिचा."

मग त्यांचा आवाज सिस्टरचा झाला. "आणि आमच्या भल्याचं आम्हाला न विचारता ठरवणारे आम्ही पुष्कळ पाहिले, विनय. त्याच्यासाठी मशीन लागत नव्हतं. ते मला सहन होत नाही. सम्यकचंही नाही झालं. दोन वर्षं तो म्हणतो, आई, तुझ्यासाठी हेच बेस्ट आहे. मी म्हणायची, इथे माझी माणसं आहेत. मग तो मेसेज आला. मी ठरवलं, पाहू तं खरं, कोण येऊन विचारतं. पहिला आठवडा गेला. दुसरा गेला. म्हटलं, बाप्पा, सम्यकच बरोबर होता."

अकरा वाजून गेले होते. बाराला तो एजंट येणार होता. मला अकरा वर्षांतली एकही स्लाइड आठवेना. मी नुसता डबा पुढे केला. "मी केलेत. शेजारचा कीथ आणि मी."

मावशींनी झाकण उघडलं. अठरा लाडवांचा रेडवेवर एक प्रचंड मोठा लाडू झाला होता. त्यांनी बोटाने थोडा उचलून तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"कच्चा आहे," त्या म्हणाल्या. "एका बाजूने कच्चा, एका बाजूने जळका. हे कसं जमवलं?" आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले, पुन्हा एक घास घेतला.

मग त्या उठल्या. लाडवाचा ऐवज एका ताटलीत काढला, डबा धुतला, पुसला, आणि सवयीने कपाटाकडे वळल्या. कपाट रिकामं. दुसरं उघडलं, तेही रिकामं. फ्रिजमध्ये अर्धी पिंट दूध. एक खोकं उघडलं, त्यात पातेली. दुसऱ्यात मसाल्याचे डबे, पण पोळपाट कुठल्या खोक्यात ते आठवेना. डाळी, पीठं, सगळं त्यांनी फूड बँकेला देऊन टाकलं होतं. घरात साखरेचा दाणासुद्धा नव्हता. मावशी माझा रिकामा डबा हातात धरून किचनच्या मधोमध उभ्या राहिल्या. मग त्यांनी तो उलटा करून खालचं कोरलेलं वाचलं.

"चि. सौ. कां. मीनल हिच्या रुखवतात, आजोळाकडून," त्या हळू वाचत गेल्या. "अरे, हा तिच्या रुखवतातला डबा आणलास तू?"

मी काय सांगणार? घट्ट झाकणाचा तोच एक दिसला होता.

"हा मी रिकामा परत देऊ?"

"चालेल हो मावशी, काही हरकत..."

"मला नाही चालत." त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, त्यांच्या स्वतःच्या डब्याशेजारी. "आणि पोरीच्या रुखवताचा डबा घेऊन मी गाव सोडून जाऊ? लोक काय म्हणतील?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, फोन उचलला, आणि फोटो काढायला येणाऱ्या त्या एजंटला सिस्टरच्या इंग्रजीत सांगितलं की आज येऊ नका, इथे एक डबा द्यायचा राहिला आहे. पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "नो, डिअर," मावशी म्हणाल्या, "आय कान्ट से हाउ लाँग."

सम्यक मला आता लेजंड म्हणत नाही. पण मावशींनी त्याला बसवून सगळं सांगितलं, आणि तो हल्ली महिन्यातून दोनदा येतो, आणि सामान उचलायच्या आधी विचारतो. घरी भावोजी परत लागले, कारण शेगडीला ते हवेत. ईशानीने पट्टी तिसऱ्या पायरीवर ठेवून कुलूप लावलंय आणि किल्लीचा आकडा मला सांगत नाही. मी एकतीस प्रश्नांना रोज उत्तरं देतो. ऑफिसातल्या माझ्या पहिल्या स्लाइडवरून तो हसरा माणूस मी काढून टाकला. त्या जागी फक्त लिहिलंय, 'साखर घालू का?' सँडविच खाणारे थांबतात आणि याचा अर्थ विचारतात. ही प्रगतीच म्हणायची.

आता ऑक्टोबर आहे. मावशींकडून पाटवडी येते, सांबारवडी येते, सगळं त्यांच्या डब्यातून. तो भरून परत जातो, मी चालत नेतो. मीनलचा डबा मात्र त्यांच्या कपाटात वरच्या फळीवर, समोर दिसेल असा ठेवलेला आहे. मी विचारलं की त्या म्हणतात, "रुखवताचा डबा आहे, त्यात असंतसं काय घालू? सुचू दे काहीतरी." सहा महिने झाले, त्यांना सुचलेलं नाही. आणि डबा देणं आहे तोवर गाव सोडता येत नाही, हे सम्यकलासुद्धा मान्य करावं लागतं.

परवा जेवताना भावोजी म्हणाले, "निदर्शनास आणून देण्यात येते की, घरातील एक डबा एकशे शहाऐंशी दिवसांपासून बाहेर आहे. परत मागविण्यात यावा काय?"

"नको," मी म्हटलं.

"नको काय?" मीनल ओरडली. "माझ्या आजोळचा डबा आहे तो! सहा महिने झाले! मावशींना कुणीतरी सांगा रे, आता पुरे म्हणून! वैताग आहे नुसता!"

आम्ही तिघांनीही भावोजींकडे पाहिलं. निळा दिवा एकदा लुकलुकला, दोनदा लुकलुकला. मग ते काही न बोलता गप्प बसले.